एकांकिका क्रमांक सत्तावीस

४ फेब्रुवारी

वही नवी, सवय जुनी. पडद्यामागे अडतीस वर्षं प्रॉम्प्टर म्हणून बसले, तेव्हाही घरी आल्यावर दोन ओळी लिहायचे: आज कोण कुठे अडखळलं, कुणाला किती वाक्यं द्यावी लागली. मग थिएटरने प्रॉम्प्टर ठेवणंच बंद केलं आणि लिहिण्यासारखं काही राहिलं नाही. आज आहे.

दुपारी मफलर येऊन गेला. थिएटरचा संचालक. भर उन्हाळ्यातही गळ्याला मफलर, म्हणून मीच ठेवलेलं नाव. हातात दोन जड पिशव्या. आत एकतीस एकांकिका, सगळ्या आत्ता लिहिणाऱ्यांच्या, अजून कुठेही न झालेल्या. त्यातल्या चार पुढच्या हंगामात करायच्या आहेत. वाचणारे तिघं: तो, एक निवृत्त प्राध्यापक आणि मी. संहितेवर फक्त नंबर. नावं बंद पाकिटांत, ती पाकिटं ऑफिसच्या कपाटात, आणि निवड झाल्याशिवाय कुणी उघडायची नाहीत.

"मला कशाला घेतोस रे?" मी विचारलं. "मी काही लेखिका नाही की समीक्षक नाही."

"वाचणारे ढिगाने मिळतात, ताई. नट कुठे अडकणार ते वाचतानाच कळणारं माणूस मला हवंय."

खोटं कशाला लिहू, मला भरून आलं. आठ महिने झाले, ह्यांच्या गोळ्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या यांपलीकडे मी काही वाचलेलं नाही. हे खिडकीपाशी बसले होते. चाळीस वर्षं याच थिएटरचे सुतार, कुठल्या नाटकात कुठला दरवाजा कुठल्या बाजूला उघडायचा ते अजून सांगतील. म्हणजे सांगता आलं तर. झटक्यानंतर डोकं शाबूत आहे, जीभ आणि उजवा हात तेवढे जड झालेत. मफलर निघताना ह्यांनी मान वर केली, पिशव्यांकडे बोट केलं आणि म्हणाले, "माझी..."

"'माझी काही हरकत नाही' म्हणताहेत," मी मफलरला सांगितलं. तो हसला. हे पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

७ फेब्रुवारी

उच्चारबाई मंगळवारी आणि शुक्रवारी येते. ह्यांना पुन्हा बोलायला शिकवणारी. वयाने माझ्या लेकीएवढी, पण बोलणं असं की मीच शाळेत बसले आहे. खोलीचं दार लावून घेते आणि तासभर आतून नुसती टकटक येते, बोलणं ऐकू येत नाही. आज बाहेर आल्यावर चपला घालता घालता थांबली.

"काकू, काका माझ्याशी पुष्कळ बोलतात. घरात किती बोलतात?"

"घरात बोलायची गरजच पडत नाही. त्यांना काय हवं ते मला आधीच कळतं."

तिने दुसरी चप्पल पायात सरकवली. मग म्हणाली, "मागच्या महिन्यापेक्षा त्यांचं स्वतःहून बोलणं कमी झालंय. वर्ष पुरं व्हायला चार महिने आहेत. जे काही परत यायचं ते बहुतेक या काळातच येतं. जीभ वापरलीच नाही, तर मग माणूस बोलणं सोडूनच देतो. त्यांचं वाक्य संपेपर्यंत थांबत जा. मनात वीस मोजा."

मी म्हटलं, "बाई गं, मी विंगेत वीस मोजत बसले असते तर प्रेक्षक घरी गेले असते."

ती हसली नाही. ती गेल्यावर मला वाटलं, मीच उचलली जीभ लावली टाळ्याला. पण ह्यांना शब्दासाठी धडपडताना बघायचं आणि तो शब्द माझ्या तोंडात तयार असताना द्यायचा नाही, हे मला जमत नाही. बुडणाऱ्याला हात द्यायच्या आधी वीस कोण मोजतं?

ह्यांनी बोलणं सोडून दिलं तर, हा विचार मात्र दिवसभर डोक्यातून गेला नाही.

१२ फेब्रुवारी

दवाखाना. डॉक्टरांनी विचारलं, गिळताना त्रास होतो का? मी सांगितलं, पाण्याने होतो, मऊ भाताने नाही. झोप? पाच तास. पायाला मुंग्या? अधूनमधून.

"मी त्यांना विचारतोय," डॉक्टर म्हणाले, अगदी सौम्यपणे. मग ह्यांच्याकडे वळून पुन्हा तेच विचारलं. ह्यांनी मान माझ्याकडे वळवली. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो, एवढं विचारत होते तर बोलायचं होतं ना. उगाच माझी शोभा." हे फुटपाथकडे बघत चालत राहिले. काठी टाकताना जास्त जोर लावत होते.

१६ फेब्रुवारी

एकोणीस वाचून झाल्या. माझी पद्धत एकच: मोठ्याने वाचायचं. मनात वाचलेलं नाटक म्हणजे पाण्यात न उतरता शिकलेलं पोहणं. हे समोर असतातच, तेवढाच प्रेक्षक.

बऱ्याच नव्या लोकांना लिहिता येतं, हे आधी कबूल करते. वाटलं होतं सगळं मोबाईल आणि घटस्फोट असेल. तेही आहे. पण तीन नंबरची संहिता लिफ्टमध्ये अडकलेल्या दोन भावांची, वाटणीवरून दहा वर्षं न बोललेल्या. लिफ्ट दुरुस्त करणारा बाहेरून सूचना देतो आणि त्याच्या सूचना पाळताना दोघांना एकमेकांशी बोलावंच लागतं. शिफारशीत लिहिलं: 'संवाद तुटके, नटाला श्वास घ्यायला जागा. बाहेरच्या माणसाचा फक्त आवाज आहे, तो रेकॉर्ड करू नये, माणूसच उभा करावा.' चौदा नंबर कोर्टातल्या लघुलेखिकेची. साक्षीदार रडतो ते कसं टिपायचं, यावर ती अडते. 'ही करावीच. पान सहावरचं भाषण अर्धं कापावं, लेखकाचा स्वतःवरचा जीव तिथे जास्त झालाय.'

अर्ध्या पानाची शिफारस लिहायला मला तीन तास लागतात. दुसऱ्याच्या कामाबद्दल 'हे करा' म्हणायचं, तर आपली सही खाली असते.

१९ फेब्रुवारी

सत्तावीस नंबर. दहा पानं. दोन पात्रं, तो आणि ती. लिहिणाऱ्याला नाटकाचं ठाऊक नसावं, पण फर्निचरचं भारी ज्ञान. टेबल अडीच फूट उंच, खुर्ची त्यापासून सव्वा हात, खुर्चीचा मागचा डावा पाय किंचित आखूड म्हणजे 'तो' हलला की आवाज होईल. एवढी मापं कोण देतं? ह्यांना म्हटलं, "हा तुमच्या जातीचा दिसतोय." हे एकदम ताठ बसले.

गोष्ट अशी: तो आजारी आहे. बोलायला उशीर लागतो. 'मला...' म्हणून सुरुवात करतो आणि ती पुढे देते: पाणी? पाणी पितो. पुन्हा 'मला...' चादर? चादर घेतो. खिडकी, गोळी, उशी, पेपर. असं अकरा वेळा. दर वेळी कंसात 'विराम'. शेवटी ती आत निघून जाते. कंसात लिहिलंय: 'विराम. मनात तीस मोजावेत. कमी नाही.' मग तो तिच्या रिकाम्या खुर्चीला म्हणतो, 'मला विचारायचं होतं, तू दमलीस का.' अंधार.

मी विराम सोडून देत भरभर वाचलं. एवढे विराम म्हणजे संहितेला भोकं. तीस मोजेपर्यंत रिकामा रंगमंच कोण बघणार? आणि ती बाई तर अगदीच एकसुरी. वाचता वाचता ह्यांना म्हटलंही, "अशी बायको असते का कुठे? नवरा पाचव्या मिनिटाला ओरडला असता." तेव्हा ह्यांनी डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर दोनदा मारलं. मी विचारलं, "कंटाळलात? बास करू?" पुन्हा मारलं. मी संहिता मिटली आणि त्यांना आत नेलं. संध्याकाळी जेवले नाहीत नीट.

२१ फेब्रुवारी

सत्तावीसचा शेरा तीन ओळींत: 'विराम अवाजवी. स्त्रीपात्र अतिरंजित, विश्वास बसत नाही. शेवटचं वाक्य चांगलं आहे, पण तिथपर्यंत पोचायला प्रेक्षक थांबणार नाही. शिफारस नाही.' सही केली. ह्यांना वाचून दाखवला. ऐकून घेतला आणि डोळे मिटले.

२७ फेब्रुवारी

थिएटरमध्ये बैठक. तीन संहिता लगेच ठरल्या: क्रमांक तीन, चौदा आणि बावीस. चौथ्यावर अडलं. प्राध्यापक सत्तावीससाठी हट्ट धरून बसले. मफलरही त्यांच्या बाजूने.

"तुम्ही विराम मोजले का, बाई?" प्राध्यापकांनी विचारलं.

"मोजण्यासारखं त्यात काय आहे?"

मग मफलरने या थिएटरचा जुना नियम काढला. तिघांच्या सह्या असल्याशिवाय एकांकिका होत नाही. आणि ज्याने नकार दिला, त्याने ती एकदा नटांकडून समोर बसून ऐकायची. ऐकूनही नकार असेल तर विषय संपला. मत फिरलं, तर शिफारस त्यानेच लिहायची, दुसऱ्या कुणी नाही. नकार देणाऱ्याने ऐकावं, एवढं न्यायाचं आहे. सोमवार ठरला.

म्हणजे आता सगळं माझ्या एका सहीवर आलंय. घरी येऊन सांगितलं तर हे बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "चहा?" मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही, पण मी केला.

३ मार्च

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते.

तालमीची खोली. लोखंडी खुर्च्या, जमिनीवर जुन्या नाटकांच्या खुणेच्या पट्ट्या. एक नट, एक नटी, दोघं पन्नाशीची. मध्ये टेबल. मफलरने खुर्चीच्या एका पायाखाली पुठ्ठा न घालता ती तशीच डुगडुगती ठेवली होती, संहितेत आहे म्हणून. मी पहिल्या रांगेत एका कडेला बसले, सवयीने, विंगेच्या अंतरावर.

नट विराम घेत होता. सगळे. दर विरामाला माझे ओठ हलत होते. कानांत फक्त त्या खुर्चीचा आवाज. नटी पाणी देई, चादर देई, कौतुकाने, मायेने. कुठेही दुष्टपणा नाही. आणि दर वेळी तो ते घेई. नको म्हणायला लागणारा वेळही त्याच्याकडे नव्हता. मी वाचलं तेव्हा ही बाई मला एकसुरी वाटली होती. ती एकसुरी नव्हती. ती कामात होती.

मग ती आत गेली. तो शेवटचा विराम. मी मोजत नव्हते, पण बारापर्यंत गेला असेल. नटाने तोंड उघडलं, मिटलं. आणि मी वाक्य दिलं. "मला विचारायचं होतं." स्वच्छ, तळघरातून आल्यासारख्या त्या आवाजात, जो आयुष्यभर फक्त नटापर्यंत पोचायचा. छोट्या खोलीत सगळ्यांपर्यंत पोचला.

"ताई," मफलर हळूच म्हणाला, "तो विसरलेला नाही."

सगळ्या नाटकवाल्यांची एक खोड असते, वाक्य आलं की नट त्या दिशेला वळतो. हाही वळला. रिकाम्या खुर्चीकडे बघायच्या ऐवजी माझ्याकडे बघून त्याने राहिलेलं अर्धं म्हटलं, "तू दमलीस का."

मी उठून बाहेर गेले. जिन्यात उभी राहिले. अडतीस वर्षांत मी एकदाही चुकीच्या वेळी वाक्य दिलं नव्हतं, ही माझी सगळी कमाई. आणि घरात गेले आठ महिने मी दुसरं काय करते आहे? 'पाणी?' 'गोळी?' 'हे म्हणताहेत...' ती बाई मी आहे. अगदी मी.

४ मार्च

शरम ओसरली आणि राग आला. हे लिहिणाऱ्याने आमच्या घरात डोकावल्याशिवाय लिहिलेलं नाही. घरात येतं कोण? उच्चारबाई. दार लावून तासभर बसते आणि आत टकटक चालू असते. लोकांच्या दुखण्यावर नाटकं लिहायची, वा.

आज आली तेव्हा सरळच विचारलं, "तू काही लिहितेस का गं?"

"मी? मी फक्त टाइप करते, काकू."

"काय टाइप करतेस?"

"काका जे सांगतात ते. तो त्यांच्या व्यायामाचाच भाग आहे." आणि आत गेली. ताकास तूर लागू दिली नाही.

आता प्रश्न असा की सही करू की नको. सही केली, तर माझ्या घरातली गोष्ट चार लोकांत मांडायला मीच परवानगी दिल्यासारखं होईल. लोक ओळखतील. मफलरने तर ओळखलीच असेल. आणि नाही केली, तर जी बाई एकदाही थांबत नाही, तीच मी पुन्हा होणार. एका माणसाचं बोलणं शेवटच्या वाक्याआधी पुन्हा तोडणार.

६ मार्च

शिफारस लिहिली. तीन वेळा फाडली. शेवटी राहिली ती अशी:

'एकांकिका क्रमांक सत्तावीस करावी. पूर्वी नकार दिला होता, तो माझ्या धंद्याच्या सवयीतून. मी विरामांना चूक समजले. या संहितेत बोलायचं ते सगळं विरामांत आहे, त्यातला एकही कापू नये. स्त्रीपात्र अतिरंजित आहे असं मी लिहिलं होतं. ते मागे घेते. अशा बायका असतात. त्या प्रेमानेच करतात, म्हणून त्यांना थांबवणं अवघड असतं, हे नटीने लक्षात ठेवावं. लेखक कोण ते मला ठाऊक नाही. मला राग आला आहे, पण त्याचं प्रत्येक वाक्य खरं आहे. प्रयोगाच्या वेळी मला विंगेत बसू देऊ नये.'

सही.

ह्यांना वाचून दाखवली नाही. धीर झाला नाही. पण जेवताना हे म्हणाले, "मी..." आणि मी मीठ पुढे करायला उचललेला हात मांडीवर ठेवला. सोळाव्या आकड्याला म्हणाले, "मीठ." दोघंही हसलो. कितीतरी दिवसांनी.

१० मार्च

पाकिटं आज उघडली. मफलरने मोठ्याने वाचली. तीन नंबर, कुणी शाळामास्तर. चौदा, एक वकील बाई. बावीस, दोन बहिणी मिळून. मग सत्तावीसचं पाकीट. तो थांबला. कागद प्राध्यापकांच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि माझ्या पुढ्यात सरकवला.

ह्यांचं नाव. आमच्या घराचा पत्ता. खाली डाव्या हाताने केलेली वाकडी सही, आणि त्याखाली छापील अक्षरांत: 'तोंडी सांगितलेलं, उच्चारतज्ज्ञांनी टाइप केलेलं. पाच महिने लागले.'

मग प्राध्यापक म्हणाले, "बाई, तुमचा पहिला नकार फाईलला आहे, हे फार बरं झालं. नाहीतर घरच्यांची शिफारस म्हणून उद्या बोट दाखवलं असतं लोकांनी."

"तुम्हाला त्यांनी सांगितलं नाही?" मफलरने विचारलं.

"सांगायला निघाले असतील," मी म्हटलं. वहीतलं पहिलं पान, त्यांचं ते 'माझी...', उलटून बघायचं धाडस अजून झालेलं नाही.

निवडलेल्या लेखकाला कळवायचं काम शिफारस लिहिणाऱ्याचं. घरी येईपर्यंत काय कळवायचं ते पाठ करत होते. दार उघडलं. हे खिडकीपाशी. मी खुर्ची ओढून समोर बसले. गोळ्यांची वेळ झाली होती, उठले नाही.

"तुमची एकांकिका निवडली," मी सांगितलं. आणि शिफारस वाचून दाखवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जशी लिहिली तशी. 'मला राग आला आहे' हेसुद्धा. मग म्हटलं, "अहो, मी तुमच्यासमोर तुमच्याच नाटकाची अब्रू काढली. दोनदा. तुम्हाला काय वाटलं तेव्हा?"

ह्यांनी ओठ ओले केले. "तू..." म्हणाले.

मला पुढचं दिसत होतं. तू ऐकतच नाहीस. तू बोलू देतेस कुठे. तू फार दुष्ट बोललीस. तिन्ही वाक्यं तयार होती आणि तिन्ही मला लागू होती. मोजायला लागले. वीस झाले. तीस झाले. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती लागेपर्यंत ऐकली. त्यांच्या कपाळावर घाम आला तो पुसायला हात गेला, मागे घेतला.

"तू... वाचलंस," हे म्हणाले. मग पुन्हा थांबले. मीही.

"मोठ्याने. सगळं." श्वास घेतला. "तेव्हाच... झाला... माझा... प्रयोग."

यातलं एकही वाक्य मला आधी सुचलं नव्हतं. आणि अजून त्यांचं तोंड मिटलेलं नव्हतं, म्हणजे पुढे आणखी काही होतं. मी खुर्ची जरा जवळ घेतली आणि बसून राहिले.